घरच्या राउटरवर स्वतःचे डीएनएस रेकॉर्ड: कामाचा क्रम, आणि ते नेमकं कुठे अडतं

घरातल्या नॅसला (नेटवर्कवर फाइल साठवणाऱ्या यंत्राला), प्रिंटरला किंवा कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला आकड्यांऐवजी नावाने उघडता यावं, म्हणून बरेचजण राउटरवर स्वतःचे डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे 'या नावाचा पत्ता हा' अशा नोंदी, करायला घेतात. सुरुवात बहुतेक सगळे एकाच ठिकाणी करतात. राउटरच्या सेटिंगमधलं रेकॉर्डचं पान शोधायचं, नाव आणि पत्ता भरायचा, सेव्ह करायचं. दोन-चार दिवस सगळं सुरळीत चालतं. मग लॅपटॉपवर नाव उघडतं पण फोनवर नाही, किंवा लाइट जाऊन आली की कुठेच उघडत नाही. अशा वेळी माणूस पुन्हा त्याच पानावर जाऊन रेकॉर्ड पुसतो, नव्याने टाकतो, राउटर रीसेट करतो. रेकॉर्ड मात्र आधीपासून बरोबरच असतो.

रेकॉर्ड टाकणं हे या कामातलं सर्वांत छोटं पाऊल आहे. त्याच्या आधी उपकरणाचा पत्ता पक्का झालेला हवा, आणि त्यानंतर घरातलं प्रत्येक यंत्र नावाची चौकशी आपल्याच राउटरकडे करतंय ना, याची खात्री हवी. या दोन बाजू सांभाळल्या नाहीत तर मधलं पाऊल कितीही नीट टाकलं तरी उपयोग होत नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

उदाहरणांसाठी मी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटर चालवणारं मोफत सॉफ्टवेअर धरलं आहे. ते बऱ्याच राउटरवर चढवता येतं आणि त्यात हे सगळं ब्राउझरमधूनच होतं. तुमचा राउटर दुसरा असला तरी क्रम हाच राहील, पानांची नावं तेवढी बदलतील. या लेखात नावं आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत, राउटरमध्ये ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच भरायचे.

टप्पा १: हे काम कोणत्या डब्यावर करायचं ते ठरवा

फायबर जोडणी देणारी कंपनी जो डबा बसवून जाते, त्यात बहुधा स्वतःचे रेकॉर्ड टाकण्याची सोयच नसते. तिथे 'डीएनएस' नावाचं पान दिसतं, पण त्यावर फक्त बाहेरच्या डीएनएस सर्व्हरचे दोन पत्ते भरायची जागा असते. तिथे नॅसचा पत्ता भरू नका. ते पान 'चौकशी कोणाकडे करायची' हे ठरवतं, 'कोणत्या नावाचा पत्ता काय' हे ठरवत नाही. या एका गोंधळातून घरभराचं इंटरनेट बंद पडलेलं पुष्कळदा दिसतं.

तुमच्या राउटरवर खालीलपैकी काय सापडतं ते बघा:

- ओपनडब्ल्यूआरटी असेल तर 'नेटवर्क' मेनूत 'डीएचसीपी अँड डीएनएस' हे पान आणि त्यात 'होस्टनेम्स' ही यादी. जुन्या आवृत्तीत 'होस्टनेम्स' हे वेगळं पान असतं.
- मायक्रोटिक असेल तर 'आयपी', मग 'डीएनएस', मग 'स्टॅटिक'.
- काहीच नसेल तर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल हे डीएनएसचं सॉफ्टवेअर बसवा. त्यात 'लोकल डीएनएस' या नावाखाली रेकॉर्ड टाकता येतात. मग राउटरच्या डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून त्या पायचा पत्ता द्यायचा. राउटर तेवढंही बदलू देत नसेल तर राउटरवरचं डीएचसीपी बंद करून ते काम पाय-होलकडे सोपवता येतं.

आता आपल्याकडच्या घरांत हमखास आढळणारी अडचण. कंपनीचा डबा भिंतीवर आणि त्याच्यामागे तुम्ही घेतलेला चांगला राउटर, आणि दोघांचंही वाय-फाय चालू. अशा घरात प्रत्यक्षात दोन वेगळी नेटवर्क असतात. तुमच्या राउटरवरचे रेकॉर्ड फक्त तुमच्या राउटरला जोडलेल्यांना दिसतात. बैठकीच्या खोलीतला टीव्ही अजून कंपनीच्या डब्याच्या वाय-फायवर असेल तर त्याला तुमची नावं कधीच कळणार नाहीत. सोपा उपाय म्हणजे कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करा आणि सगळी उपकरणं आपल्या राउटरवर आणा. जमल्यास तो डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे फक्त जोडणी पुढे देणाऱ्या अवस्थेत, टाकून घ्या.

दोन्ही डब्यांची पत्त्यांची मालिका सारखी असता कामा नये. जिओफायबरचा डबा सहसा १९२.१६८.२९.१ वर असतो, पण बरेच डबे १९२.१६८.१.१ वर असतात, आणि ओपनडब्ल्यूआरटीचा मूळ पत्ताही तोच. दोन्हीकडे तोच पत्ता राहिला तर राउटरला घर कुठलं आणि बाहेर कुठलं हेच उमगत नाही. आपल्या राउटरचा लॅनचा, म्हणजे घराच्या बाजूचा, पत्ता सुरुवातीलाच वेगळा करा. पुढच्या उदाहरणांत मी १९२.१६८.५०.१ धरला आहे.

तपासा: फोन आणि लॅपटॉप दोन्हीवर वाय-फायची माहिती उघडा. 'गेटवे' किंवा 'राउटर' म्हणून दोन्हीकडे एकच पत्ता, तोही तुमच्या राउटरचा, दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

टप्पा २: बॅकअप घ्या आणि यादी कागदावर उतरवा

ओपनडब्ल्यूआरटीत 'सिस्टम' मेनूतल्या 'बॅकअप' पानावरून सेटिंगची फाइल उतरवून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि काही बिघडलं तर तीच फाइल परत चढवता येते.

मग वहीत चार रकाने आखा: उपकरण, मॅक पत्ता (उपकरणाच्या नेटवर्क-जोडणीचा ओळख-क्रमांक), द्यायचा आयपी पत्ता, द्यायचं नाव. कागदावर कशाला, असं वाटेल. पण मॅक पत्ता हा बारा अक्षरांचा असतो, आणि ८ च्या जागी बी किंवा ० च्या जागी डी वाचलं की पुढचं सगळं कोसळतं. राउटरच्या यादीतून कॉपी करा आणि उपकरणाच्या मागच्या स्टिकरशी ताडून बघा.

इथे तीन गोष्टी चुकतात.

प्रिंटर, नॅस आणि लॅपटॉपला दोन-दोन मॅक पत्ते असतात, एक केबलचा आणि एक वाय-फायचा. स्टिकरवर बहुधा केबलचा असतो. प्रिंटर वाय-फायवर चालवत असाल आणि नोंद केबलच्या मॅकची केली, तर ती नोंद कधीच लागू होणार नाही.

फोन आणि टॅब्लेट खासगी मॅक पत्ता वापरतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ही सोय आहे. एखाद्या जुन्या फोनचा कॅमेरा किंवा सर्व्हर म्हणून वापर करणार असाल तर त्या फोनवर, घरच्या वाय-फायपुरता, खासगी पत्ता बंद करा आणि मगच मॅक टिपून घ्या.

आणि यादी वाढवत नेऊ नका. ज्या उपकरणात इतर यंत्रं आत शिरतात, त्यालाच नाव लागतं: नॅस, प्रिंटर, रेकॉर्डर, होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर), स्वतः राउटर. बल्ब, पंखे, घरच्यांचे फोन यांना नावं देऊन हाती काही लागत नाही. उलट चार महिन्यांनी कोणती नोंद कशासाठी केली होती तेच आठवत नाही.

टप्पा ३: नावाची शेपटी नीट निवडा

नावाचे दोन भाग असतात. पहिला उपकरणाचा, उदाहरणार्थ 'नॅस'. दुसरा घराच्या डोमेनचा. दुसऱ्या भागात मनाला येईल ते टाकण्याची सवय महागात पडते.

'डॉट लोकल' वापरू नका. ती शेपटी एमडीएनएस नावाच्या वेगळ्या पद्धतीसाठी राखलेली आहे. त्या पद्धतीत उपकरणं राउटरला न विचारता एकमेकांनाच विचारतात. 'नॅस डॉट लोकल' असा रेकॉर्ड राउटरवर केलात तर काही यंत्रं राउटरकडे येतच नाहीत, काही येतात, आणि दोष कुठे आहे हे शोधता शोधता दिवस जातो.

'डॉट डेव्ह'सारखी खरी, विकत मिळणारी शेपटीही उसनी घेऊ नका. ती गूगलची आहे आणि ब्राउझर तिच्यासाठी फक्त सुरक्षित जोडणीच स्वीकारतात. रेकॉर्ड बरोबर असूनही पान उघडणार नाही.

घरासाठी रीतसर राखून ठेवलेलं नाव आहे होम.अर्पा (एच-ओ-एम-ई, टिंब, ए-आर-पी-ए). ते २०१८ मध्ये याच कामासाठी ठरवून दिलं गेलं. २०२४ मध्ये आयकॅन या डोमेनची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने 'डॉट इंटर्नल' ही शेपटीही खासगी वापरासाठी राखली. ओपनडब्ल्यूआरटीत मुळात 'डॉट लॅन' असतं. तेही चालतं, बहुसंख्य घरांत तेच असतं, पण ते कोणी अधिकृतपणे राखलेलं नाही. नव्याने सुरुवात करत असाल तर होम.अर्पा घ्या, असं माझं मत आहे. दिसायला वेडंवाकडं आहे, पण उद्या कोणाच्या मालकीचं होणार नाही.

उपकरणाच्या नावात इंग्रजी अक्षरं, अंक आणि मधली आडवी रेघ एवढंच चालतं. स्पेस नाही, खालची रेघ नाही, सुरुवातीला किंवा शेवटी आडवी रेघ नाही. नाव लहान ठेवा, कारण ते रोज टाइप करायचं आहे. 'प्रिंटर' पुरे. 'प्रिंटर-बैठकीची-खोली-नवा' हे कोणी लिहिणार नाही.

टप्पा ४: पत्ता पक्का करा, मगच नाव

सोसायटीच्या फाटकावर कोण कोणत्या फ्लॅटमध्ये राहतं याचा फलक असतो. भाडेकरू फ्लॅट बदलत राहिले तर फलक रंगवून काय उपयोग? डीएनएस रेकॉर्ड म्हणजे तो फलक, आणि डीएचसीपी म्हणजे फ्लॅट वाटणारी व्यवस्था. म्हणून आधी वाटप कायम करायचं.

यासाठी दोन रस्ते आहेत. एक, उपकरणाच्या आत जाऊन हाताने पत्ता भरायचा. दोन, राउटरला सांगायचं की या मॅकला नेहमी हाच पत्ता दे. दुसराच घ्या. हाताने भरलेल्या पत्त्यासोबत गेटवे आणि डीएनएसही हातानेच भरावा लागतो, आणि पुढे राउटर बदलला की घरभर फिरून एकेक उपकरण दुरुस्त करावं लागतं.

ओपनडब्ल्यूआरटीत 'डीएचसीपी अँड डीएनएस' पानावर 'स्टॅटिक लीजेस' (कायमची वाटपं) ही यादी आहे. तिथे 'ॲड' दाबा, नाव, मॅक आणि पत्ता भरा.

पत्ता कोणता द्यायचा? मूळ सेटिंगमध्ये राउटर १०० ते २४९ हे शेवटचे आकडे येणाऱ्या-जाणाऱ्या उपकरणांना वाटतो. कायमच्या उपकरणांसाठी २ ते ९९ मधले घ्या. नॅसला १९२.१६८.५०.१०, प्रिंटरला १९२.१६८.५०.२०, रेकॉर्डरला १९२.१६८.५०.३०. असं केल्याने पाहुण्याच्या फोनला चुकून नॅसचा पत्ता जाण्याचा प्रश्नच उरत नाही. इतर काही राउटर मात्र राखीव पत्ता वाटपाच्या मर्यादेतलाच हवा असा हट्ट धरतात. तिथे ते म्हणतील तसं करा.

सेव्ह केल्या क्षणी उपकरणाचा पत्ता बदलत नाही. जुनं वाटप संपेपर्यंत, मूळ सेटिंगमध्ये ते १२ तासांचं असतं, उपकरण जुनाच पत्ता धरून बसू शकतं. म्हणून नॅस आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा.

तपासा: राउटरच्या मुख्य पानावरच्या चालू वाटपांच्या यादीत प्रत्येक उपकरण नव्या पत्त्यावर दिसतंय का? ब्राउझरमध्ये तो आकडी पत्ता टाकून उपकरणाचं पान उघडतंय का? आकड्याने उघडत नसेल तर नावाने उघडणार नाही. इथेच थांबा आणि मॅक पुन्हा ताडून बघा.

टप्पा ५: डोमेन आणि रेकॉर्ड

आता 'डीएचसीपी अँड डीएनएस'च्या पहिल्या भागात जा. 'लोकल डोमेन'मध्ये होम.अर्पा भरा. त्याच्या जवळच 'लोकल सर्व्हर' नावाचा रकाना आहे (नव्या आवृत्त्यांत त्याचं लेबल वेगळं दिसेल, पण त्यात मुळात '/लॅन/' असतं, त्यावरून ओळखा). तिथे दोन्ही बाजूंना तिरकी रेघ देऊन /होम.अर्पा/ असं भरा.

हा दुसरा रकाना बरेचजण सोडून देतात, आणि मग जो दोष येऊ शकतो तो सापडायला फार कठीण असतो. झालं काय ते सांगतो. फोन किंवा लॅपटॉप एकाच नावासाठी दोन प्रश्न विचारतो: जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४ पत्ता काय, आणि नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ पत्ता काय. तुम्ही फक्त पहिला दिलेला असतो. दुसरा प्रश्न राउटरने बाहेरच्या डीएनएसकडे धाडला तर तिथून उत्तर येतं, 'असं नावच अस्तित्वात नाही'. ते उत्तर तसंच उपकरणापर्यंत पोहोचलं तर काही उपकरणं तेच शेवटचं मानतात आणि हातातला बरोबर पत्ता टाकून देतात. म्हणून नाव कधी उघडतं, कधी नाही. '/होम.अर्पा/' भरलं की राउटर या शेपटीचे सगळे प्रश्न स्वतःच सोडवतो, बाहेर जाऊ देत नाही.

मग 'होस्टनेम्स' यादीत जा आणि एकेक नोंद करा: नाव 'नॅस', पत्ता १९२.१६८.५०.१०. शेपटी राउटर स्वतः जोडतो. प्रत्येक नोंदीनंतर 'सेव्ह', आणि सगळं झाल्यावर एकदाच 'सेव्ह अँड अप्लाय'. नुसतं 'सेव्ह' करून पान बंद केलं तर काहीच लागू होत नाही. वरच्या पट्टीत न लागू झालेले बदल बाकी असल्याचं दिसतं, तिकडे लक्ष ठेवा.

स्टॅटिक लीजमध्ये नाव भरलंच होतं, मग इथे पुन्हा का? कारण ते नाव राउटरला उपकरण पत्ता मागायला आलं की कळतं. वाटपाची यादी ओपनडब्ल्यूआरटी रॅममध्ये ठेवतं, म्हणजे राउटर बंद झाला की ती पुसली जाते. नॅस इन्व्हर्टरवर चालू आहे आणि फक्त राउटरचा प्लग निघाला, तर नॅस पुन्हा पत्ता मागायला येईपर्यंत नाव गायब. 'होस्टनेम्स'मधली नोंद मात्र राउटर चालू होताच हजर असते.

सावधान: त्याच पानांवर 'ॲड्रेसेस' नावाचा आणखी एक रकाना दिसेल. तो साधा रेकॉर्ड नाही. तिथे दिलेलं नाव आणि त्याच्या पोटातली सगळी नावं एकाच पत्त्यावर वळवली जातात. तिथे होम.अर्पा आणि नॅसचा पत्ता भरलात तर प्रिंटरच्या नावात जराशी चूक झाली तरी समोर नॅसच उघडेल. रिव्हर्स प्रॉक्सी (नाव बघून योग्य सेवेकडे पाठवणारा मधला सर्व्हर) चालवणाऱ्यांना तो उपयोगी पडतो, इतरांनी हात लावू नये.

सावधान: नावाच्या रकान्यात फक्त नाव. एचटीटीपी, तिरक्या रेघा, पोर्टचा (यंत्रातल्या सेवेच्या दाराचा) आकडा यांतलं काहीही नाही.

एकाच यंत्राला दोन नावं हवी असतील तर सीनेम, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारा रेकॉर्ड, करता येतो. पण दोन-तीन नावांसाठी मी सरळ त्याच पत्त्याची दुसरी नोंद करतो. सीनेममध्ये उजवीकडे आकडी पत्ता चालत नाही, नावच लागतं, आणि ते नाव याच राउटरला आधी माहीत असावं लागतं. घरच्या पसाऱ्यासाठी एवढी कटकट कशाला.

मायक्रोटिकवाल्यांसाठी दोन गोष्टी. 'अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स' चालू केल्याशिवाय राउटर घरातल्या उपकरणांना उत्तर देत नाही. आणि ते चालू केल्यावर फायरवॉलने बाहेरून येणारे पोर्ट ५३ चे, म्हणजे डीएनएसचे, प्रश्न अडवले पाहिजेत. नाहीतर तुमचा राउटर अख्ख्या इंटरनेटला उत्तरं देत बसतो आणि दुसऱ्यांवरच्या हल्ल्यांत वापरला जातो. मूळ फायरवॉल काढून टाकली असेल तर हे आधी बघा. शिवाय तिथल्या स्टॅटिक रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ) मुळात एक दिवसाचा असतो. चुकीचा पत्ता टाकला तर तो उपकरणांच्या लक्षात दिवसभर राहू शकतो. जुळवाजुळव चालू असेपर्यंत तो पाच मिनिटांवर आणून ठेवा.

टप्पा ६: सगळे तुमच्याच राउटरला विचारतात का

माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ इथे द्यावा. राउटरवर अचूक रेकॉर्ड आहे आणि फोन विचारतोय तिसऱ्यालाच, असं सर्रास असतं.

*दुसरा डीएनएस.* डीएचसीपीच्या सेटिंगमध्ये पहिला डीएनएस राउटरचा आणि दुसरा, 'असू द्यावा आधाराला' म्हणून, ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस. हे करू नका. दुसरा सर्व्हर हा पहिला बंद पडल्यावरच वापरायचा, असा कोणताही नियम उपकरणं पाळत नाहीत. काही दोघांना एकदम विचारतात आणि आधी येईल ते धरतात, काही मध्येच दुसऱ्याकडे वळतात आणि तिथेच राहतात. ८.८.८.८ ला तुमच्या नॅसचं नाव माहीत नाही. तो 'असं नाव नाही' म्हणतो, आणि हे स्पष्ट उत्तर असल्यामुळे उपकरण पहिल्याला विचारायला परत जात नाही. उपकरणांना फक्त राउटरचा पत्ता द्या. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हवाच असेल तर तो राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटच्या, बाजूला द्या, म्हणजे बाहेरच्या नावांसाठी राउटर त्याला विचारेल.

*आयपीव्ही६.* जिओ आणि एअरटेलच्या जोडण्यांवर आयपीव्ही६ चालू असतं. त्या मार्गाने उपकरणांना डीएनएसचा वेगळा पत्ता जाहीर होतो, आणि आयपीव्ही४ ची सेटिंग कितीही नीट असली तरी उपकरण त्या दुसऱ्या पत्त्यावर विचारू शकतं. ओपनडब्ल्यूआरटी मुळात स्वतःचाच पत्ता जाहीर करतं, म्हणून तिथे सहसा अडत नाही. पाय-होल वापरणाऱ्यांना मात्र हा त्रास नेमका होतो: डीएचसीपीत पायचा पत्ता दिलेला असतो, पण कंपनीचा डबा आयपीव्ही६ वरून स्वतःचं डीएनएस जाहीर करतच राहतो. त्या डब्यात तो पर्याय बदलता येत असेल तर बदला. येत नसेल तर त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावणं हाच खरा उपाय.

*अँड्रॉइडचं प्रायव्हेट डीएनएस.* अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ही सोय आहे. 'ऑटोमॅटिक' असेल तर चालतं. पण जाहिराती अडवण्यासाठी तिथे एखाद्या सेवेचं नाव भरून ठेवलं असेल तर फोन राउटरला विचारणारच नाही. 'लॅपटॉपवर उघडतं, फोनवर नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

*ब्राउझर.* क्रोम आणि फायरफॉक्समध्ये सुरक्षित डीएनएसचा पर्याय असतो. तिथे एखादी विशिष्ट सेवा निवडलेली असेल तर ब्राउझर राउटरला डावलून थेट तिकडे विचारतो. ओळखायची खूण अशी: पिंग (यंत्र उत्तर देतंय का हे तपासणारी कमांड) चालतं, ब्राउझर मात्र पत्ता सापडला नाही म्हणतो.

*व्हीपीएन.* ऑफिसचा लॅपटॉप व्हीपीएनवर असेल तर नावांची चौकशी बहुधा ऑफिसच्या सर्व्हरकडे जाते. घरून काम करताना प्रिंटर अचानक 'हरवतो' तो यामुळे. ऑफिसच्या यंत्रात खटपट करू नका. छापण्यापुरता आकडी पत्ता वापरा.

काही टीव्ही आणि स्ट्रीमिंगचे डोंगल ८.८.८.८ आतच पक्कं करून येतात. फायरवॉलमधून पोर्ट ५३ चे सगळे प्रश्न राउटरकडे वळवता येतात, पण टीव्हीला नॅसचं नाव खरोखर लागतंय का, ते आधी बघा. बहुतेकांना लागत नाही.

सेटिंग बदलल्यावर प्रत्येक उपकरणाचं वाय-फाय बंद-चालू करा. डीएनएसचा पत्ता आणि घराचं डोमेन उपकरणाला पत्त्याबरोबरच मिळतं. ते नव्याने मागितल्याशिवाय बदल पोहोचत नाही.

टप्पा ७: तपासणी, तीही क्रमाने

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एनएसलुकअप लिहून पुढे नॅस.होम.अर्पा द्या. उत्तराच्या आधी वरच्या दोन ओळी वाचा, 'सर्व्हर' आणि 'ॲड्रेस'. उत्तर कोणी दिलं ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेकजण थेट खालचा पत्ता बघतात आणि खरी माहिती वरच राहून जाते.

- वर १९२.१६८.५०.१ (किंवा राउटरचाच आयपीव्ही६ पत्ता) आणि खाली १९२.१६८.५०.१० आलं, तर डीएनएसचं काम झालं.
- वर दुसराच पत्ता दिसला, तर टप्पा ६ पुन्हा करा. रेकॉर्डला हात लावू नका.
- वर राउटरच दिसतो, पण नाव सापडत नाही म्हणतो, तर टप्पा ५: स्पेलिंग, शेपटी, किंवा 'अप्लाय' राहिलंय.
- एनएसलुकअप बरोबर सांगतं, पण पिंग चुकीच्या पत्त्यावर जातं. एनएसलुकअप थेट सर्व्हरला विचारतं, पिंग मात्र यंत्राच्या आठवणीतलं वापरतं. आयपीकॉन्फिग लिहून पुढे तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस द्या. तरीही जुनाच पत्ता आला तर यंत्रातली होस्ट्स फाइल बघा. पूर्वी कधी तिथे हाताने नोंद केली असेल तर ती राउटरच्या आधी धरली जाते.
- पिंगही बरोबर, पण पान उघडत नाही, तर प्रश्न डीएनएसचा नाही. पुढचा टप्पा वाचा.

फोन पाहुण्यांच्या वाय-फायवर असेल तर नाव सापडेल, पान मात्र उघडणार नाही, कारण फायरवॉल तिथून घरच्या उपकरणांकडे जाऊ देत नाही. ते तसंच असायला हवं.

टप्पा ८: पोर्ट, कुलूप आणि ब्राउझरचा स्वभाव

साधा रेकॉर्ड फक्त पत्ता सांगतो, दार कोणतं ते सांगत नाही. सिनॉलॉजीचा नॅस मुळात ५००० किंवा ५००१ या पोर्टवर, होम असिस्टंट ८१२३ वर, जेलीफिन हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर ८०९६ वर असतं. नावापुढे कोलन देऊन तो आकडा लिहावाच लागेल. नको असेल तर रिव्हर्स प्रॉक्सी बसवावी लागते, आणि ते वेगळं काम आहे. आधी हे पूर्ण चालू द्या.

ब्राउझरमध्ये नुसतं 'नॅस' लिहिलं तर तो शोधयंत्रावर शोधायला निघतो. पहिल्या वेळी पूर्ण नाव लिहून शेवटी तिरकी रेघ द्या, किंवा सुरुवातीला एचटीटीपीसह लिहा, आणि बुकमार्क करून ठेवा.

सुरक्षित जोडणीचा इशारा येईल. होम.अर्पा किंवा डॉट लॅन या नावांसाठी लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था प्रमाणपत्र देत नाहीत, कारण ही नावं कोणा एकाच्या मालकीची नाहीत. इशारा नकोच असेल तर स्वतःचं डोमेन विकत घेऊन डीएनएसमार्गे मालकी सिद्ध करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत घरातला १९२.१६८ चा पत्ता ठेवणार असाल तर ओपनडब्ल्यूआरटीची 'रीबाइंड प्रोटेक्शन' ते उत्तर गाळून टाकेल. ती बंद करू नका. तिच्या खालच्या सवलतीच्या यादीत फक्त तुमचं डोमेन घाला.

टप्पा ९: लाइट जाऊन आल्यावर

शेवटची परीक्षा मुद्दाम घ्या. मुख्य स्विचबोर्डवरून राउटर, कंपनीचा डबा, नॅस, प्रिंटर सगळं बंद करा. नॅस बंद करताना मात्र आधी त्याच्याच मेनूतून रीतसर बंद करा, चालू डिस्कची वीज तोडू नका. मग सगळं एकदम चालू करा, जसं लाइट आल्यावर होतं. पाच मिनिटं थांबा. फोनवरून एक नाव, लॅपटॉपवरून एक नाव उघडून बघा, आणि राउटरच्या यादीत प्रत्येक राखीव उपकरण आपापल्या पत्त्यावर आहे का ते वहीशी ताडा.

एखादं उपकरण भलत्याच मालिकेतला पत्ता घेऊन बसलं असेल, तर घरात दुसरा डीएचसीपी सर्व्हर जागा आहे. बहुधा वाय-फाय वाढवण्यासाठी दुसऱ्या खोलीत लावलेला जुना राउटर. तो ॲक्सेस पॉइंट (फक्त वाय-फाय पसरवणाऱ्या) मोडमध्ये टाका, किंवा त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा.

सगळं जुळलं की पुन्हा एक बॅकअप घ्या, फाइलच्या नावात तारीख घाला आणि ती नॅसवर नको, फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढे प्रिंटर किंवा नॅस बदलला तर नवं नाव शोधत बसू नका. स्टॅटिक लीजमधला मॅक तेवढा बदला, पत्ता आणि नाव तेच राहू द्या, आणि नवं उपकरण एकदा बंद-चालू करा.